गळका रेडिएटर



चालकांचे निमंत्रण आले तेव्हा त्यांची अपेक्षा अशी होती की, आम्ही नव्या श्रमसंहितांवर बोलावे. चारही संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाल्या, आमचा निम्मा दिवस हल्ली त्यांच्याच कलमांत जातो, तेव्हा ही अपेक्षा वाजवी होती. परंतु आम्ही उलट कळविले की, आम्हास मोटारसायकलच्या गळक्या रेडिएटरवर बोलावयाचे आहे. दोन दिवस काही उत्तर आले नाही. तिसऱ्या दिवशी एका चालकांचा फोन आला, "विषय लिहिताना काही चूक तर झाली नाही ना?" चूक झालेली नव्हती. न्यायमूर्ती रानडे यांनी १८७५ साली पुण्यात वसंत व्याख्यानमाला सुरू केली, तेव्हापासून अशा व्यासपीठांवर वेदान्तापासून अर्थकारणापर्यंत पुष्कळ काही बोलून झाले आहे. रेडिएटर तेवढा राहून गेला असावा.

हा विषय निवडण्याचे कारण मात्र जरासे लाजिरवाणे आहे, आणि ते आधीच सांगून टाकलेले बरे. एका तरुण कामगाराच्या गाडीचे इंजिन आमच्या सल्ल्याने जळाले. सल्ला आम्ही अगदी आत्मविश्वासाने दिला होता.

न्हावा-शेव्याचे बंदर २६ मे १९८९ रोजी सुरू झाले. आपल्यापैकी वडीलधाऱ्यांना त्याच्या आधीचे दिवस आठवत असतील. जानेवारी १९८४ मध्ये दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली झालेले जमिनीचे आंदोलन आणि त्यातले पाच हुतात्मे या भागात कोणी विसरलेले नाही. त्या भूमीवर आज कंटेनरची यार्डे उभी आहेत, आणि यार्डांतून ठेकेदाराच्या हजेरीपटावर काम करणारी मुले पनवेल, उरण, जासई, गव्हाण अशा गावांतून पाळीला येतात. लोकल गाडी जानेवारी २०२४ मध्ये उरणपर्यंत पोचली ही चांगली गोष्ट झाली; परंतु स्टेशनपासून यार्डाचे फाटक लांब असते, आणि रात्रपाळीच्या वेळेला चालत जाण्याजोगा तो रस्ता नव्हे. अटल सेतूही त्याच महिन्यात खुला झाला, पण त्यावर दुचाकीला मज्जाव आहे. तेव्हा यार्डातल्या कामगाराला मोटारसायकल ही चैन नाही. आम्ही कित्येक वर्षे रात्रपाळीच्या बसची मागणी करीत आहो. काही यार्डांनी ती दिली, काहींनी दिली नाही. असो.

आता, पुष्कळांच्या गाड्या शंभर-सव्वाशे सी.सी.च्या असतात. त्यांना रेडिएटर नसतोच. इंजिनाच्या अंगावर पत्र्याच्या पट्ट्या असतात, समोरून वारा लागतो, आणि त्या बिचाऱ्या वाऱ्यावर जगतात. परंतु २००८ साली यामाहाची आर-फिफ्टीन आली, २०१२ साली के.टी.एम.ची ड्यूक आणि बजाजची पल्सर टू-हंड्रेड एन.एस. आली, आणि पाण्याने थंड होणारे इंजिन मध्यमवर्गीय पोरांच्या आवाक्यात आले. पाच-सात वर्षांनी त्याच गाड्या जुन्या बाजारात उतरल्या आणि आमच्या पोरांच्याही आवाक्यात आल्या. गाडी निम्म्या किमतीला मिळते. दुरुस्तीचे दर मात्र नव्या गाडीचेच असतात. हे पोरांना गाडी घेतल्यावर कळते.

असाच एक मुलगा. नाव सांगत नाही, तो आज येथे येऊन बसला असण्याचा संभव आहे. गेल्या पावसाळ्यानंतरची गोष्ट. रात्री साडेनवाला त्याचा फोन आला. "काका, गव्हाण फाट्यावर आहे. गाडीचा लाल दिवा लागलाय, खालून हिरवं पाणी गळतंय. अकराची पाळी आहे. काय करू?"

आम्ही विचार केला नाही. आम्हास आठवण झाली. बंदर सुरू झाले त्या सुमारास आम्ही ट्रकवर क्लीनर होतो. बोरघाटात एकदा आमच्या ट्रकचा रेडिएटर गळू लागला. आमच्या उस्तादांनी शिध्याच्या डब्यातून मूठभर हळद काढली, पाण्यात कालवली, आणि ओतली रेडिएटरमध्ये. गळती थांबली आणि आम्ही माल वेळेवर पोचविला. विसाव्या वर्षी पाहिलेली अशी गोष्ट माणसाच्या डोक्यात वेदवाक्य होऊन बसते. आम्ही त्या मुलाला म्हणालो, "जवळच्या टपरीवरून हळद घे, दोन चमचे टाक, पाणी भर, आणि ये. सकाळी बघू."

त्याने तसे केले. गळणे कमी झाले. तो जासईच्या पुढे गेला आणि इंजिन जाम झाले. गाडी ढकलत तो पाळीला पोचला, पाऊण तास उशिरा, आणि मुकादमाने त्याचा खाडा मांडला. पुढे गाडी उघडल्यावर समजले की, सिलिंडरचे हेड वाकले आहे, गॅस्केट फाटले आहे, आणि पिस्टन सिलिंडरला घासला आहे. दुरुस्तीचा आकडा त्याच्या दीड महिन्याच्या पगाराएवढा होता.

त्यानंतर आम्ही हा विषय शिकलो. आमची शाळा सातवीत सुटली, त्यामुळे शिकायचे म्हणजे ज्याला येते त्याच्या दुकानात जाऊन बसायचे, एवढी एकच पद्धत आम्हास ठाऊक आहे. कळंबोलीत ट्रकचे रेडिएटर दुरुस्त करणारे आहेत, आर्गन वेल्डिंगवाले आहेत; त्यांच्याकडे आम्ही रविवारी जाऊन बसू लागलो. जे कळले ते आता सांगतो.

पेट्रोल जळते त्याची सारी उष्णता चाक फिरविण्यात जात नाही. ढोबळमानाने पाव ते एकतृतीयांश भाग कामी येतो. तेवढाच धुराबरोबर बाहेर जातो. आणि उरलेला इंजिनाच्या धातूत मुरतो. तो काढून नेला नाही तर धातू टिकत नाही. स्फोटाच्या क्षणी सिलिंडरमधल्या वायूचे तापमान दोन हजार अंशांच्या वर जाते, आणि ज्या ॲल्युमिनियमचे हेड असते ते ६६० अंशांना वितळते. मधल्या काळात त्या धातूला वाचविते ते भोवती फिरणारे पाणी. पंप ते पाणी इंजिनातून ढकलतो, ते तापून रेडिएटरमध्ये येते, तेथे चपट्या नळ्यांतून उतरते, नळ्यांमधल्या पातळ पत्र्याच्या झालरीतून वारा जातो, पाणी निवते आणि परत इंजिनात जाते. मोटारसायकलमध्ये हे सारे पाणी किती? एक लिटरच्या आसपास. तांब्याभर पाणी म्हणा ना. ट्रकमध्ये बादलीभर असते. ट्रकचे दोन लिटर गळले तरी ट्रक घाट चढतो; येथे अर्धा लिटर गेले की संपले. आमची पहिली चूक ही की, आम्ही बादलीचा हिशेब तांब्याला लावला.

दुसरी चूक हळदीची. हळद पाण्यात विरघळत नाही. तिची पूड फुगते आणि पाणी जेथून बाहेर पडते तेथे जाऊन साचते. उस्तादांच्या ट्रकचा रेडिएटर तांब्या-पितळेचा, त्याच्या नळ्या त्या मानाने ऐसपैस. मोटारसायकलच्या रेडिएटरच्या नळीची आतली फट एक-दोन मिलिमीटरची. हळदीला छिद्र आणि नळी यांतला भेद कळत नाही. तिने छिद्र थोडे बुजविले आणि नळ्या पुष्कळ बुजविल्या. बाजारात गळती थांबविण्याच्या बाटल्या मिळतात. त्यांतल्या काही हळदीपेक्षा बऱ्या असतात, परंतु जुन्या, आतून मळलेल्या बारीक रेडिएटरमध्ये त्यांचीही तीच गत होऊ शकते. आणि आणखी एक गोष्ट वेल्डिंगवाल्याने सांगितली, ती आम्हास कोठेच ऐकायला मिळाली नव्हती. ज्या रेडिएटरमध्ये हळद किंवा असली बाटली गेली, त्याला नंतर वेल्डिंग धड होत नाही. छिद्रातून ती घाण वर येते आणि टाका फुटतो. म्हणजे वीस रुपयांच्या हळदीने पाचशे रुपयांच्या दुरुस्तीचा रस्ताही बंद होतो.

आता झाकणाविषयी. घरातल्या भगिनींना हे आमच्यापेक्षा लवकर समजेल. पाणी शंभर अंशांना उकळते. पण कुकरमध्ये एक किलोच्या आसपास दाब असतो, म्हणून आत ते १२० अंशांपर्यंत द्रवच राहते. रेडिएटरचे झाकण हे कुकरच्या शिट्टीसारखेच काम करते, आणि दाबही जवळजवळ तेवढाच. कुकर गॅसवरून उतरविल्याबरोबर कोणी झाकण काढीत नाही. रेडिएटरचे मात्र काढतात, आणि तोंड भाजून घेतात. अर्धा तास थांबावे, रेडिएटरला हात लावून पाहावा, वर ओले फडके टाकावे, आणि मग झाकण हळूहळू फिरवावे. ज्या झाकणाचे रबर कडक झाले ते दाब धरीत नाही, पाणी लवकर उकळते आणि बाजूच्या बाटलीतून बाहेर येते. लोक म्हणतात रेडिएटर गळतो. झाकण बदलले की गळायचे थांबते.

येथे आम्ही मुद्द्याजवळ आलो. त्या मुलाचे इंजिन गेल्यापासून युनियनच्या कचेरीसमोर "पाणी गळते" म्हणून पाच गाड्या आल्या. पाचही जणांना कोणी ना कोणी सांगितले होते की, नवा रेडिएटर घ्या. आणि नवा रेडिएटर म्हणजे काही हजार रुपये. त्या पाचांपैकी रेडिएटर खरोखर फुटलेला असा दोघांचाच निघाला. एकाच्या रबरी नळीची क्लिप सैल झाली होती. पेचकसाचे दोन फेरे, फुकट. एकाचे झाकण गेले होते. आणि एकाच्या पंपाखालच्या बारीक भोकातून थेंब येत होते. हे भोक कंपनीनेच ठेवलेले असते. पंपाच्या दांड्याचे सील झिजले की, पाणी इंजिनाच्या तेलात शिरण्याऐवजी त्या भोकातून बाहेर पडावे आणि मालकाला आधी वर्दी मिळावी, अशी ती योजना आहे. आम्ही पाहिलेल्या एका बहाद्दराने ते भोक एम-सीलने बुजविले होते! सील काही शेकड्यांत येते. तेलात पाणी गेले तर इंजिन खोलावे लागते. तेलाच्या खिडकीतून पाहावे. तेल दुधाच्या चहासारखे दिसले तर गाडी सुरूच करू नये. बाहेर कोठेच ओल नाही आणि पाणी मात्र रोज कमी होते, धुरांड्यातून पांढरी वाफ येत राहते, झाकण उघडून गाडी थंड असताना सुरू केली तर पाण्यात बुडबुडे येत राहतात, तर गॅस्केट गेले असे समजावे. तेथे रेडिएटर बदलून काही उपयोग नाही.

बाहेरून ओळख पटत नसेल तर रेडिएटर काढावा. काढणे अवघड नाही. थंड गाडीचे पाणी भांड्यात काढून घ्यायचे, दोन नळ्या, पंख्याची वायर, आणि तीन-चार बोल्ट. मग आम्ही जे करतो ते पंक्चरवाल्याकडून घेतलेले आहे. एका तोंडाला रबरी बूच क्लिपने आवळायचे. दुसऱ्या तोंडाला जुन्या ट्यूबचा तुकडा व्हॉल्व्हसकट बांधायचा. झाकण लावायचे. रेडिएटर बादलीत बुडवायचा आणि सायकलच्या पंपाने हवा भरायची. हवा किती, हे महत्त्वाचे आहे. मोटारसायकलच्या टायरला अठ्ठावीस-तीस पौंड हवा भरतात. येथे बारा पौंडांवर थांबायचे. अधिक भरली तर नसलेली गळती निर्माण होईल. जेथून बुडबुडे येतील तेथे खडूची खूण करायची. बुडबुडे झाकणाजवळच्या बारीक नळीतून आले तर गुन्हेगार झाकण. कोठूनच आले नाहीत, तर रेडिएटर निर्दोष आहे. तो परत बसवा आणि दुसरीकडे शोधा.

छिद्र सापडले, मग काय? आमच्या लहानपणी पितळेच्या भांड्याला कल्हईवाला डाख देत असे. तांब्या-पितळेच्या रेडिएटरलाही तसाच डाख बसे, म्हणून जुने लोक अजून "डाख मारून घे" म्हणतात. ॲल्युमिनियमला तो डाख धरत नाही, कारण त्या धातूवर हवा लागताच एक कडक पापुद्रा तयार होतो आणि कथील त्याला चिकटत नाही. त्यासाठी आर्गन वेल्डिंग. त्यात टाक्यावर आर्गन वायूचा झोत असतो, त्यामुळे वितळलेल्या धातूला हवा लागत नाही. छिद्र वरच्या-खालच्या टाकीला असेल तर काम सोपे. कळंबोलीत आमच्याकडून एकाचे चारशे आणि दुसऱ्याचे पाचशे घेतले. छिद्र मधल्या नळीला असेल तर हुशार कारागीर ती एक नळी दोन्ही टोकांना बंद करतो; पंधरा-वीस नळ्यांतली एक गेली तर गाडीला फारसे कळत नाही. तीन-चार गेल्या तर मात्र पैसे फुकट घालवू नयेत. टाकी प्लॅस्टिकची असेल आणि तिला चीर गेली असेल, तर वेल्डिंगवाला हात जोडतो, आणि तेथे जुन्या बाजारातला चांगला रेडिएटर पाहावा. घेण्याआधी बादलीत बुडवून पाहावा; दुकानदार रागावला तर दुसरे दुकान.

एम-सीलविषयी विचारतात. टाकीच्या सपाट भागावर, रंग खरवडून, पॉलिश पेपरने घासून, थिनरने पुसून, रात्रभर सुकू दिले तर काही दिवस निभते. वेल्डिंगला पैसे जमेपर्यंत. ओल्या, तेलकट पत्र्यावर लावून लगेच गाडी हाकली तर फाटकापर्यंतही टिकत नाही.

आमच्या भागातल्या रेडिएटरना छिद्रे पडतात ती दोन कारणांनी. एक, रस्त्यावरची खडी. ट्रेलरच्या मागे चिकटून गाडी चालविली की चाकाखालचा खडा थेट समोरच्या जाळीवर येतो. शंभर रुपयांची लोखंडी जाळी पुढे लावावी, पण अगदी बारीक नको, नाहीतर वारा अडतो. दुसरे कारण मीठ. उरणच्या मिठागरांचा आणि खाडीचा वारा बाहेरून लागतो तो लागतोच. परंतु खरे नुकसान आतून होते. पाणी कमी झाले की पोरे जवळच्या बोअरिंगचे पाणी भरतात. आमच्या किनाऱ्याकडच्या कित्येक बोअरिंगचे पाणी मचूळ. त्यातला क्षार ॲल्युमिनियमला कुरतडतो, टाचणीच्या टोकाएवढे खड्डे पाडतो, आणि एक दिवस तो खड्डा आरपार जातो. म्हणून पंपावर किंवा बॅटरीवाल्याकडे मिळणारे डिस्टिल्ड पाणी वापरावे, आणि त्यात सांगितलेल्या प्रमाणात कूलंट. कूलंट केवळ रंगासाठी नसतो. त्यात गंज अडविणारी द्रव्ये असतात, आणि ती झिजतात, म्हणून तो दोन-तीन वर्षांनी बदलावा लागतो. हिरव्यात लाल, लालात निळा असे मिसळू नये. आणि एक सूचना अगदी कळकळीची: बहुतेक कूलंट विषारी असतो आणि चवीला गोड लागतो. उघड्या भांड्यात अंगणात ठेवू नका, गटारात ओतू नका. कुत्री-मांजरे पितात, आणि लहान मुलेही.

त्या रात्री त्या मुलाला आम्ही काय सांगायला हवे होते? हे आम्ही अनेकदा स्वतःस विचारले. उत्तर दोन शब्दांचे आहे: गाडी थांबव. लाल दिवा लागल्यावर गाडी कडेला घ्यायची, इंजिन बंद करायचे, निवेपर्यंत थांबायचे, आणि गळती वाहती असेल तर टेम्पोत घालून न्यायची. हे आम्हास तेव्हाही ठाऊक होते. पण थांबव म्हणजे पाळी बुडव, असे त्याला सांगणे होते. त्याचे त्या महिन्यात आधीच दोन खाडे पडले होते, आईच्या दवाखान्यापायी. तिसऱ्या खाड्याला ठेकेदार काय करतो ते त्याला आणि आम्हालाही माहीत होते. आम्ही हळद सुचविली ती रेडिएटरसाठी नव्हे, हजेरीपटासाठी. आणि खाडा तर पडलाच.

नंतर आम्ही ठेकेदाराशी बोललो. गाडी रस्त्यात बंद पडली आणि कामगाराने पाळीच्या आधी फोन केला, तर पहिल्या प्रसंगी खाडा न धरता बदली पाळी द्यावी, एवढी साधी मागणी. एका यार्डात ती तोंडी मान्य झाली आहे. लेखी व्हायची आहे. दुसऱ्या यार्डात साहेब म्हणाले, "उद्या सगळ्यांच्याच गाड्या गळतील." आम्ही त्यांना बादली आणि पंप घेऊन येतो म्हणालो, कोणाची खरोखर गळते ते फाटकावरच बुडवून दाखवू. ते हसले. पुढच्या बैठकीची तारीख अजून मिळालेली नाही.

दुरुस्तीचे निम्मे पैसे आम्ही दिले. मुलगा नको म्हणत होता; त्याच्या आईने मात्र घ्यायला लावले, आणि ते योग्यच केले.

आता या टेबलावर जी वस्तू आहे ती त्याच गाडीचा रेडिएटर. कळंबोलीत करवतीने मधोमध कापून घेतला आहे. नळ्यांच्या तोंडाशी पिवळा गाळ दिसतो ती आमची हळद. त्याच्या खाली पांढरी खरवड आहे ते बोअरिंगचे पाणी. आणि डाव्या कोपऱ्यात, खडूची खूण केली आहे तेथे, ते छिद्र. सुईच्या नेढ्याएवढे असेल. पहिल्या रांगेपासून फिरवा, कडा धारदार आहेत, मुलांच्या हातात देऊ नका. आणि शेवटी तो परत मिळाला पाहिजे. ॲल्युमिनियमचे भंगार चांगल्या भावाने जाते, आणि ते पैसे त्या मुलाचे आहेत.